उद्यमबागेतील द्रवरूप नायट्रोजनचा पुरवठा : प्रयोगशाळेच्या नजरेतून

अवकाश दुर्बिणींची अतिशीत यंत्रणा जमिनीवर कशी तपासतात, याची निदान पहिली पायरी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता यावी, म्हणून बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या महाविद्यालयाने उद्यमबागेतील एका पुरवठादाराकडून द्रवरूप नायट्रोजन आणि तो साठवण्याचा दहा लिटरचा कंटेनर भाड्याने घेण्यास सुरुवात केली. या पुरवठादाराचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील जनावरांचे दवाखाने. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रा जपण्यासाठी त्यांना नायट्रोजन सतत लागतो, म्हणूनच आमच्यासारख्या किरकोळ ग्राहकालाही तो वेळेवर मिळतो. एरवी दहा लिटरसाठी कोण गाडी पाठवणार?

माल चोख आहे. आत सोडलेल्या प्लॅटिनमच्या संवेदकाचा रोध 110 ओहमवरून घसरत 20 ओहमच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे तापमान 77 केल्विन (उणे 196 अंश सेल्सिअस), नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूइतके. कंटेनरही उत्तम आहे. काट्यावर ठेवल्यास दिवसाला साधारण 150 ग्रॅम घट दिसते. एक किलो नायट्रोजनची वाफ होण्यास 199 किलोज्यूल लागतात हे धरले, तर बाहेरून आत झिरपणारी उष्णता वॅटच्या एक तृतीयांशाइतकी भरते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मध्य-अवरक्त उपकरणाला 7 केल्विनच्या खाली ठेवणाऱ्या हीलियम शीतक यंत्राची उष्णता ओढून घेण्याची क्षमता मिलिवॅटांत, म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागांत, मोजावी लागते, हे सांगितल्यावर आपल्या कंटेनरची ही ‘किरकोळ’ गळती तिथे किती महाग पडेल, ते मुलांच्या चटकन लक्षात येते.

पुरवठ्याची नियमितता हा या कामात गौण मुद्दा नव्हे. 2017 मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातील ‘चेंबर ए’ या प्रचंड निर्वात कक्षात त्याच दुर्बिणीची सुमारे शंभर दिवस चाचणी चालली होती. कक्षाच्या बाहेरच्या आवरणात द्रवरूप नायट्रोजन आणि आतल्या आवरणात थंड हीलियम वायू खेळवलेला होता. ऐन ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा नायट्रोजनचे टँकर पोहोचतील की नाही, याची चिंता तेथील लोकांना लागली होती. आमचा टेम्पो मात्र धो धो पावसातही वेळेवर आला आहे.

तक्रारी दोन आहेत. पहिली म्हणजे कंटेनरचे तोंड अरुंद आहे. रेतमात्रांसाठी ते योग्यच, पण संवेदकाच्या तारांसह तांब्याचा दांडा आत सोडताना फार कसरत होते. रुंद तोंडाचा कंटेनर मागितल्यास मिळतो, परंतु त्यातून नायट्रोजन बराच लवकर उडतो. दुसरी तक्रार गंभीर आहे. एकदा बदली चालकाने काचा बंद केलेल्या गाडीतून भरलेला कंटेनर आणला. एका लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि तो प्राणवायूची जागा घेतो, हे चालकाला कोणी समजावलेले दिसत नव्हते. आम्ही हरकत घेतल्यापासून उघड्या हौद्याचा टेम्पो येतो, तरीही तोंडावरचे बूच दाबून बसवून वायूची बाहेर पडण्याची वाट बंद केलेली नाही ना, हे मी दर वेळी स्वतः पाहतो.

शाळा-महाविद्यालयांनी ही सेवा जरूर घ्यावी. फक्त कंटेनर पुरवठादाराच्या माणसासमोर काट्यावर ठेवून भरलेले वजन पावतीवर लिहून घ्यावे, कारण तो आकडा नसेल तर घट कशातून मोजणार?