रेट्रो गेम्सचे लॉट आणि ऑनलाइन लिलाव: विकणारीच्या बाजूने

दादाने आणि मी मिळून जमवलेल्या गेम्सपैकी बराच भाग मी ऑनलाइन लिलावात, लॉट करून (म्हणजे बरेच गेम एकत्र, एकाच बोलीत) विकला आहे. माझं मत आधीच सांगते. साध्या, भरपूर खपलेल्या कार्ट्रिजसाठी (जुने गेम ज्या प्लॅस्टिकच्या डबीत यायचे, ती) लॉटचा लिलाव हा उत्तम मार्ग आहे, दुर्मीळ गेमसाठी मात्र अजिबात नाही.

सुपर निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या काळात दर वर्षी फुटबॉल, बेसबॉल, हॉकीचे नवे गेम निघायचे. ते एकेकटे विकायला ठेवले तर पाठवण्याचा खर्चच गेमपेक्षा जड होतो. लॉटमध्ये मात्र ते सहज निघून जातात. पण त्यांच्यामुळे बोली चढते असं समजू नका. लॉटची किंमत दोन-तीन ओळखीच्या नावांवर ठरते. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ किंवा ‘सोनिक 2’ पहिल्याच फोटोत दिसला की लोक थांबून बघतात. ‘अर्थबाउंड’सारखा महागडा गेम हाती असेल तर तो बाजूला काढून स्वतंत्रच विकावा. लॉटमध्ये त्याला पूर्ण भाव मिळत नाही.

याचं कारण बोली लावणाऱ्यांच्या हिशोबात आहे. लॉटवर दोन प्रकारचे लोक येतात. एक फोडून विकणारा: तो प्रत्येक कार्ट्रिजचा सुटा भाव मांडतो, त्यातून आपली मेहनत, कमिशन आणि नफा वजा करतो आणि तिथेच थांबतो. दुसरा खेळणारा: त्याला हवे असतात चारच गेम, बाकीचे त्याच्या लेखी फुकट. ईबेवर तुम्ही लावलेली कमाल बोली गुप्त राहते आणि किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या फक्त एक पायरी वर जाते. त्यामुळे एकाच उत्साही माणसाने भागत नाही, त्याच्या मागे दुसरा कोणीतरी लागतोच. म्हणून मी लॉट असा रचते की त्यात फोडून विकणाऱ्यालाही हिशोब जमावा आणि खेळणाऱ्यालाही मोह व्हावा. दोघे भिडले की भाव छान येतो.

शेवटच्या क्षणांचा नियमही बघून घ्या. ईबेवर ठरलेल्या सेकंदाला लिलाव बंद होतो, म्हणून जाणते लोक अगदी शेवटी बोली टाकतात आणि बाकीच्यांना उत्तर द्यायला वेळच उरत नाही. जपानच्या याहू लिलावात विक्रेत्याने मुदतवाढीचा पर्याय ठेवला असेल, तर शेवटच्या 5 मिनिटांत बोली चढली की वेळ आणखी 5 मिनिटांनी वाढते. विकणाऱ्याच्या दृष्टीने मला ही पद्धत कितीतरी न्याय्य वाटते.

एका लॉटमध्ये एकाच कन्सोलचे आणि एकाच प्रदेशासाठी बनलेले गेम ठेवा, कारण एका प्रदेशाचे गेम दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर सहसा चालत नाहीत. पाल (मुख्यतः युरोपसाठीचे) आणि एनटीएससी (अमेरिका-जपानसाठीचे) एकत्र केले की अर्धे ग्राहक तिथेच परत जातात. गेम बॉयला ही अडचण नाही. त्याची कार्ट्रिज कुठल्याही देशातल्या गेम बॉयवर चालतात, त्यामुळे त्या लॉटना ग्राहक जगभरातून मिळतात.

फोटोंच्या बाबतीत मी हट्टी आहे. प्रत्येक कार्ट्रिजचं लेबल, पाठ आणि खालच्या धातूच्या पट्ट्या, सगळं दिसलं पाहिजे. निन्टेंडोच्या बहुतेक जुन्या कार्ट्रिजचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत, 3.8 मिमीचा खास बिट लागतो; गेम बॉय अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजना मात्र तीन पात्यांचा (ट्राय-विंग) लागतो. योग्य तो घ्याच आणि महागड्या गेमच्या आतल्या बोर्डाचाही फोटो द्या. गेम बॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉनच्या नकला इतक्या पसरल्या आहेत की नुसत्या लेबलवर आता कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काही कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी असते, तिच्याबद्दलही वर्णनात स्पष्ट लिहा. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) आणि घड्याळ दोन्ही एकाच बॅटरीवर चालतात, ती संपली की सेव्ह राहत नाही. रूबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी गेली तर फक्त घड्याळ थांबतं. एवढ्या दोन ओळी लिहिल्या की पुष्कळ तक्रारी आधीच टळतात.

आता माझी खरी तक्रार. या साइट्सचे परतीचे नियम एक वस्तू, एक खोका असं धरून बनवलेले असतात, लॉट त्यात बसतच नाही. एका साइटवर ग्राहकाने एक गेम चालत नाही म्हणून संपूर्ण लॉट परत केला. खोका आला तेव्हा त्यातलं सर्वात चांगलं कार्ट्रिज बदललेलं होतं. माझ्याकडे आधीचा बोर्डाचा फोटो होता, त्यावरचा डाग वेगळा होता, सगळं पाठवलं. तिथल्या माणसांनी फोटो न तपासताच प्रकरण बंद केलं. मला याचा अजून संताप येतो. लॉटमधल्या एकेका वस्तूची यादी साइटनेच नोंदवून घेतली, तर हा प्रश्न बराचसा सुटेल.

कमिशनही आधी बघा. ईबेवर ते पाठवण्याच्या खर्चासकट एकूण रकमेवर लागतं, त्यामुळे खोकी आणि पुस्तिकांसह असलेला जड लॉट वाटतो त्यापेक्षा कमी पैसे हाती देतो. 2021 मध्ये ‘सुपर मारिओ 64’ची सीलबंद प्रत 15 लाख डॉलरच्या वर गेली, ती बातमी डोक्यात ठेवून राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) लावू नका. ती सीलबंद, अवस्था तपासून श्रेणी मिळालेल्या प्रतींची बाजारपेठ होती, तिचा आपल्या वापरलेल्या कार्ट्रिजशी काही संबंध नाही.

प्लेस्टेशनच्या डिस्क मी लॉटमध्ये घालत नाही. काळ्या पृष्ठभागावरचे ओरखडे फोटोत नीट दिसत नाहीत, आणि गेम सुरू झाला म्हणजे पुढचा व्हिडिओ अडकणार नाही असंही नाही. त्या मी एकेक चालवून बघते आणि ठरलेल्या किमतीला सुट्या विकते.