खिडकीत एकच कुंडी ठेवायची तर: एचेवेरिया की हावर्थिया?

एचेवेरिया आपल्या पानफुटीच्या घराण्यातली, हावर्थिया कोरफडीच्या. दोघींचा स्वभाव समजायला मला तरी एवढी ओळख पुरली. शाळेत असताना पानफुटीचं पान वहीत ठेवायचो आणि काही दिवसांत त्याच्या कडेला पोरं फुटायची. एचेवेरियाचं गळलेलं पानही असंच उमेदीनं मूळ धरतं. कोरफड मात्र पाण्याच्या पिंपामागे, कोणी बघो न बघो, आपली उभी. हावर्थिया ही तिची बोटाएवढी धाकटी बहीण.

नावांचीही गंमत आहे. एचेवेरिया हे नाव मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या अतानासिओ एचेवेरिया या चित्रकारावरून १८२८ साली दिलं गेलं. हावर्थियाचं नाव एड्रियन हावर्थ या इंग्रज अभ्यासकावरून, जो किडे आणि सक्युलंट्स (म्हणजे या दोघींसारखी, जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) या दोन्हींच्या मागे लागलेला होता. एक चित्रात शोभणारी, दुसरी अभ्यासकाला पुरणारी. नावं ठेवणाऱ्यांनी नकळत स्वभावही सांगून ठेवला म्हणायचा.

मी दोन्ही पाळल्या आहेत. सहा वर्षांत नऊ एचेवेरिया आणल्या आणि पाच हावर्थिया. ठाण्यातली खिडकी, दुसरा मजला, पूर्वेचं ऊन, बाहेर काढलेलं ग्रिल. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या ग्रिलवरून बोललेलं आहे. तुमची गच्ची असेल तर माझ्या मताला थोडा बट्टा लावून घ्या.

दिसण्यात तुलनाच नाही. एचेवेरिया बघताक्षणी हात पुढे जातो. पानांचं कमळ, वर निळसर राखाडी पावडरीचा थर, थंडीत नीट ऊन मिळालं तर कडांना गुलाबी झाक. हावर्थिया त्यापुढे अगदीच शाळकरी. गडद हिरवी टोकदार पानं, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे पट्टे. फुलते तेव्हा एक बारीक लांब दांडी येते, तिला फिकट, इवलीशी फुलं. पाहुण्यांपैकी एकानंही आजवर माझ्या हावर्थियाचं नाव विचारलेलं नाही. एचेवेरियाचे मात्र फोटो निघायचे.

तो पावडरीचा थर दिसायला छान, जपायला कठीण. तो पानाचाच मेणासारखा लेप आहे. उन्हापासून आणि पाण्यापासून झाडाला वाचवतो. बोट लागलं की ठसा उमटतो आणि माझ्याकडच्या एकाही पानावर तो थर पूर्वीसारखा परत आला नाही. आईला ती धूळ वाटली. एका रविवारी तिनं ओल्या फडक्यानं दोन्ही कुंड्यांतली पानं एकेक करून पुसली आणि वर मलाच ऐकवलं, "एवढी महागाची झाडं आणतोस, जरा पुसत जा." चूक तिची नव्हती. घरात झाडांना हात लावणारी एकापेक्षा जास्त माणसं असतील तर हा मुद्दा ध्यानात ठेवा. हावर्थिया पुसा, धुवा, तिला काही वाटत नाही.

पण एचेवेरिया मी सोडली ती या कारणानं नाही. सोडली ती ने-आण करून कंटाळलो म्हणून.

जून लागला की कुंड्या आत घ्यायच्या. आत घेतल्या की उजेड कमी पडतो. आठ-दहा दिवसांत मधला शेंडा मान उंच करून खिडकीकडे बघायला लागतो, पानापानांतलं अंतर वाढतं आणि कमळाचा जिना होतो. ही ताणलेली मान पुन्हा आखूड होत नाही. शेंडा छाटून नव्यानं लावणं हाच उपाय. म्हणून उघडीप दिसली की कुंड्या बाहेर. मग दुपारी ऑफिसात असताना खिडकीबाहेर अंधारून आलं की कामात लक्ष लागत नाही. एका पावसाळ्यात मी शेजारच्या वहिनींकडे घराची किल्ली ठेवली होती. लोक वाळत घातलेल्या कपड्यांसाठी किल्ली ठेवतात, मी झाडांसाठी ठेवली. त्यांनी महिनाभर निमूटपणे केलं. मग एकदा त्या माहेरी गेल्या आणि त्याच आठवड्यात तीन दिवस झड लागली.

सडण्याची रीतही फसवी. खालचं एखादं पान पिवळट, पाणीदार दिसायला लागतं, भिजवलेल्या मनुकेसारखं. वरचं कमळ मात्र टवटवीत असतं, म्हणून आपण निर्धास्त राहतो. दोन दिवसांनी कुंडी सरकवायला जावं तर अख्खं कमळ हातात येतं आणि खाली खोड काळं. त्या झडीत एका फटक्यात तीन गेल्या.

आता इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातही पाऊस मुख्यतः याच महिन्यांत पडतो. मग तिला आपला पाऊस एवढा का नडावा? हळूहळू लक्षात आलं की नडतो तो एकटा पाऊस नाही. तिकडे बऱ्याच एचेवेरिया उंचावर, कड्याकपारीत, मूठभर मातीत वाढतात; पाणी येतं आणि वाहून जातं. मागोमाग ऊन येतं, रात्री गार असतात. या घराण्यातली झाडं पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, हवा तेव्हा आत घेतात, आणि त्यासाठी त्यांना गार रात्र मानवते. ठाण्यात जुलैची रात्र २५ अंशांच्या आसपास, हवा दमट, दिवसा आभाळ आणि कुंडीत कोकोपीट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा. यात तिनं जगावं तरी कसं?

हावर्थियाचं घर दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, केप भागात. तिकडे ती बहुतेक झुडपांच्या बुंध्याशी, गवताच्या आडोशाला वाढते. म्हणजे दुसऱ्याच्या सावलीत राहायची तिला सवयच. सारा फरक इथे पडतो. ती भर उन्हात बाहेर ठेवा असं म्हणत नाही, त्यामुळे तिला आत घ्यायचाही प्रश्न येत नाही. माझ्या हावर्थिया बाराही महिने काचेच्या आत, कट्ट्यावर असतात. सकाळी तासभर कोवळं ऊन मिळतं, बाकी नुसता उजेड.

पावसात ठेवली तर तीही सडेल, याबद्दल गैरसमज नको. आणि पाण्याची कुरकुर दोघींचीही सारखीच आहे. आईचा नेम असा की सकाळी तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं पाणी शेजारच्या कुंड्यांत. घोटभरच, पण रोज. शेवटी सक्युलंट्स तुळशीपासून लांबच्या खिडकीत हलवल्या, वाद मिटला. मी स्वतः उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसतो, पाच मिनिटांनी काढतो. काडी ओलसर लागली किंवा माती चिकटली तर पाणी नाही. या हिशेबानं मे महिन्यात दहा-बारा दिवसांनी पाणी होतं आणि अख्ख्या जुलैत जेमतेम दोनदा.

मातीचंही थोडक्यात. नर्सरीतून येणारं झाड बहुधा कोकोपीटच्या गोळ्यात असतं. ते आधी झटकून काढा, मग घराण्यांची चर्चा. मी निम्मी बागेची माती आणि शेणखत, निम्मा चाळलेला विटेचा चुरा घेतो. परलाइट, म्हणजे मातीत मिसळायचे पांढरे सच्छिद्र दाणे, हलकं असतं, पण आमच्या खिडकीतल्या वाऱ्यावर कुंडीच कलंडते, म्हणून वीट बरी. कुंडी मातीची, खाली भोक असलेली. भोक नसलेले चिनी मातीचे सुबक कप भेट देण्यापुरते ठीक.

हावर्थियाची बाजू घेतोय असं वाटत असेल तर तिची खोडही सांगतो. ती फार मुखदुर्बळ आहे. एचेवेरिया निदान मरताना दाखवते तरी. हावर्थियाची मुळं गेलेली असली तरी ती कित्येक आठवडे तशीच हिरवी बसून राहते. मग कधीतरी पानं आक्रसायला लागतात, आपण तहान समजून पाणी देतो, आणि ती आणखी खंगते. अशा वेळी सरळ उपटून बघायचं. मुळांशी पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर ती बुरशी नसते, पिठ्या ढेकूण असतो. एचेवेरियात तो पानांच्या बेचक्यात सापडतो, हिच्यात बऱ्याचदा मातीखाली. मुळं धुऊन, सुकवून, कोरड्या नव्या मातीत लावायची. माझ्या दोन अशा परत आल्या, एक गेली.

शिवाय ती वाढते फारच सावकाश. पहिल्या वर्षी मला वाटलं की मी प्लास्टिकचं झाड पाळलंय. पानापासून रोप होण्याची करामतही तिला फारशी जमत नाही. पण बुंध्याशी पिल्लं येतात, आणि पिल्लू मुळासकट वेगळं केलं की शंभर टक्के आपलं. आज त्या पाचाच्या चौदा आहेत, शिवाय ऑफिसात वाटल्या त्या वेगळ्या.

घ्यायला गेलात तर पट्टेवाली, नर्सरीवाले 'झेब्रा' म्हणतात ती घ्या. लेबलवर बहुतेक 'फॅसिआटा' लिहिलेलं असतं आणि झाड बहुतेक वेळा 'अटेनुआटा' असतं. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा, खरखरीत लागलं तर अटेनुआटा. वनस्पतीवाल्यांनी २०१३ मध्ये या दोघींना हावर्थियातून काढून 'हावर्थिऑप्सिस' या वेगळ्या खोलीत बसवलंय, पण नर्सरीत ते नाव घेतलंत तर समोरचा माणूस पाण्याचा पाइप हातात धरून तुमच्याकडे बघत राहील. काचेच्या मण्यांसारख्या टोकांची 'कूपरी' फार देखणी असते. ती मात्र दुसऱ्या खेपेला.

पुण्यात, नाशकात, सांगली-साताऱ्याकडे राहत असाल, गच्चीवर पारदर्शक पत्र्याचा आडोसा असेल, तर मी एचेवेरियाला नाही म्हणणार नाही. माझ्या नवांपैकी जी एक उरली ती पुण्याला बहिणीच्या गच्चीवर आहे. तिकडची थंडी, कमी पाऊस आणि वर पत्रा एवढ्यावर ती ताटलीएवढी झालीये आणि बहीण तिला पाणी द्यायलाही विसरते. जानेवारीत तिच्याकडे गेलो की मी चहा घेऊन त्या कुंडीपाशीच उभा असतो, हे कबूल करायला हवं.

गेल्या डिसेंबरात निघताना तिनं खालची दोन पानं काढून, रुमालात बांधून हातात दिली. नको म्हणवलं नाही. कोरड्या मातीवर नुसती ठेवून दिली होती. फेब्रुवारीत दोन्हींच्या देठाशी नखाएवढी कमळं आली. ती हावर्थियांच्या शेजारीच ठेवली आहेत. मे संपायच्या आत पुण्याला परत पोचवायची आहेत.