ठाणे-नवी मुंबईतले व्हीआर गेम झोन: काही महिने फिरल्यानंतरचा अनुभव (फोमबद्दल जरा जास्तच बोललोय)

परवा गेम झोनचं पैसे भरून ठेवायचं कार्ड बंद झालं म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर कंटाळाच करत होतो. ठाण्यातल्या एका मॉलमधला गेम झोन, नाव नाही घेत. कार्डात 340 रुपये शिल्लक. तिथे व्हीआर राइड (व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचं ते) 220 ची, म्हणजे एक राइड झाली की 120 उरतात, 120 मध्ये तिथे बास्केटबॉलसुद्धा येत नाही, मग काउंटरवाला म्हणणार 500 चा टॉपअप मारा सर, बोनस मिळेल. हे आकडे असे योगायोगाने बसत नसतात राव. तर परवा कार्ड स्वाइप केलं आणि शून्य. काउंटरवरची मुलगी म्हणे, "सर व्हॅलिडिटी संपली, सिस्टीममधूनच उडालंय." कुठे लिहिलंय विचारलं तर पावतीच्या मागे, थर्मल प्रिंट, अर्धी पुसून गेलेली.

आपल्या फोनमधल्या वॉलेटला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शेवटचे पैसे भरल्यापासून निदान एक वर्ष ते चाललंच पाहिजे. पण ज्याचं कार्ड त्याच्याच दुकानात चालतं ते क्लोज्ड सिस्टीममध्ये मोडतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही, त्यामुळे तो नियम इथे लागू नाही. मी 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, नंबर मिळालाय. 340 साठी एवढं कशाला असं बायको म्हणते. 340 साठीच.

आता मूळ विषय. आपल्या भागात व्हीआर खेळायला जागा शोधायची म्हणजे मॅपवर भरवसा ठेवून चालत नाही. नुसतं व्हीआर टाकलं की इस्टेट एजंट, ट्रॅव्हल्सवाले, झेरॉक्सवाले सगळे व्ही. आर. हजर. बरं, गेम झोन सापडला तरी मालकाने टाकलेले फोटो बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले, त्यातही गेल्या दोन-तीन महिन्यांतले बघा. बऱ्याच ठिकाणी बोर्डावर व्हीआर लिहिलेलं असतं आणि आत असते ती अंड्याच्या आकाराची दोन सीटची खुर्ची. हेडसेट लावायचा, रोलर कोस्टरची क्लिप सुरू होते, खुर्ची हलते, पाच मिनिटांत उतरा. मान फिरवली तर चित्र फिरतं, पण तुम्ही पुढे वाकलात काय नि मागे गेलात काय, चित्राला पत्ता नसतो. खरी मजा चालता-वाकता येतं, हातात कंट्रोलर असतात त्यात. म्हणून जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, "उभं राहून खेळायचंय की खुर्चीत बसून?" समोरचा अडखळला तर खुर्चीच आहे समजा.

आणि आता फोम. हेडसेटचा जो भाग तोंडाला टेकतो तो स्पंज. कंपनीकडून येतो तो साधा फोम, घाम पितो. आपल्याकडे मे महिन्यात, रविवारी संध्याकाळी, एका मागोमाग एक पोरं खेळून गेल्यावर तो काय अवस्थेत असतो ते मी बोटाने दाबून पाहिलंय, ओला येतो. त्या मॉलवाल्याकडे कपाळाच्या जागी फोम फाटून आतला पिवळा भाग दिसत होता आणि कडेला कुणाच्या तरी फाउंडेशनचा थर. हे घालायचं, 220 देऊन! फोमवरून तोंडाला त्रास होतो ही नुसती माझी नाटकं नाहीत, 2021 मध्ये ऑक्युलस क्वेस्ट 2 या हेडसेटचा फोम पुरळ येतो म्हणून अमेरिकेत परत मागवला होता, सुमारे 40 लाख नग, आणि लोकांना सिलिकॉनचं कव्हर फुकट दिलं होतं. म्हणजे उपाय माहीत आहे, स्वस्तही आहे, सिलिकॉन किंवा रेक्झिनसारखं कव्हर लावा, प्रत्येकानंतर पुसा, संपला विषय. पण नाही. मॉलमध्ये हेडसेट सांभाळणाऱ्या पोराने काय केलं, सॅनिटायझरची बाटली घेतली आणि फुसफुस करून थेट लेन्सवर मारली, मग कॅश काउंटर पुसायचं पिवळं फडकं लेन्सवरून फिरवलं. क्वेस्टची लेन्स कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसायची असते, अल्कोहोलने वरचं कोटिंग जातं. भाचा खेळताना ओरडत होता, "मामा, सगळं धुरकट दिसतंय!" आणि तो पोरगा म्हणे, गेमच तसा आहे, फॉगवाला.

दुसरं म्हणजे लेन्समधलं अंतर. क्वेस्ट 2 मध्ये लेन्स हाताने सरकवून तीन जागी बसते, 58, 63 आणि 68 मिलिमीटर, ज्याच्या त्याच्या डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे. क्वेस्ट 3 ला चाक आहे, 53 पासून 75 पर्यंत. हे नीट लावलं नाही की दहा मिनिटांत डोकं धरतं, आणि लोक म्हणतात आपल्याला व्हीआर सोसत नाही. मी मॉलमधल्या त्या पोराला लेन्स सरकवून दे म्हणालो तर म्हणाला, "काका, तुटेल."

या सगळ्यानंतर कानाला खडा लावला होता. मग ऑफिसातल्या एकाने घणसोलीतला एक गाळा सांगितला, सोसायटीच्या खाली, शेजारी चक्की. बाहेरून बघून मी जवळजवळ परत फिरलो होतो. आत एक एसी, खाली रबरी मॅट, भिंतीपासून हातभर आत पिवळी पट्टी मारलेली, हेडसेट तीनच. पण मालक स्वतः उभा. चष्मा आहे का विचारलं, हो म्हटल्यावर खणातून स्पेसर, म्हणजे चष्म्यापुरती जागा करणारी चौकट, काढून बसवला (हा डब्यातच येतो हो, मॉलवाल्यांनी फेकून दिला असणार), लेन्स सरकवली, "आता अक्षरं वाचून दाखवा" म्हणाला, अगदी चष्म्याच्या दुकानात विचारतात तसं. सिलिकॉनचं कव्हर, वरून पातळ पांढरा मास्क, तो घरी न्या म्हणे. कार्डबिर्ड नाही, अर्ध्या तासाचे 250, यूपीआय करा आणि खेळा. लाल-निळ्या तलवारींनी ठोकळे कापायचा गेम मी घामाघूम होईपर्यंत खेळलो, जिमचे पैसे वाचले असं बायकोला सांगितलं, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खुर्चीला वर एवढी नावं ठेवली, पण त्यात एक बदल करतो. दिवाळीत आई आली होती. घणसोलीला उभं राहिल्यावर तिला दोन मिनिटांत गरगरलं, डोळ्यांना वाटतं आपण चाललोय आणि कान सांगतो जागेवर आहोत, त्यातून ते होतं. मग सीवूड्सला गेलो, स्टेशनवरच मॉल असल्याने तिला जिना-रस्ता काही नाही, तिथे एका झोनमध्ये ती अंड्याची खुर्ची होती. हळू जाणारी, समुद्राखालची क्लिप लावायला सांगितली. बसून असल्यामुळे ती निवांत, एक मोठा मासा अंगावर आला तर हाताने "हुश हुश" करून हाकलला, कावळ्याला हाकलतात तसा, आणि उतरल्यावर परत लाव म्हणाली. तर वयस्कर माणसांसाठी खुर्चीच बरी, फक्त रोलर कोस्टर लावू देऊ नका.

लहान मुलांचं मात्र बघून. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटाने 2023 पर्यंत 13 च्या खाली नको म्हटलं होतं, आता 10 वर आणलंय, तेही आईबाबांच्या ताब्यातल्या अकाउंटवर. मॉलमध्ये मी पाच वर्षांच्या पोराला हेडसेट घातलेला पाहिलाय, अर्धा किलोचं ते धूड, पोराची मान पुढे झुकलेली आणि बाप व्हिडिओ काढतोय. घणसोलीवाला दहाच्या खाली घेतच नाही, त्यावरून एका बाईंशी त्याचं वाजलेलंही मी ऐकलंय.

तक्रार त्याच्याबद्दलही आहे. बाथरूम नाही, पार्किंग नाही, आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने आलं तर स्टेशनपासून रिक्षावाले मीटरला नाही म्हणतात. ठाण्यात घोडबंदरला असंच कुणी चालवत असेल तर मला हवंच आहे, पण तिथल्या ट्रॅफिकमधून जाऊन अर्धा तास खेळायचं म्हणजे जाण्या-येण्यातच डोकं गरगरणार.

आणि रविवारी संध्याकाळी कुठेच जाऊ नका. हेडसेटची बॅटरी दोन-तीन तासांची, सहा वाजता अर्धे चार्जिंगला लावलेले असतात आणि तुम्ही वायरसकट खेळता, पायात वायर. शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा, फोम पण कोरडा मिळतो.