स्पिअरफिशिंग शिकताना पहिला बोया कोणता घ्यावा? कॅन, ट्यूब, हवेचा की फोमचा

स्पिअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने मासा मारायचा. बुडी मारणारा खाली आहे हे होडीवाल्यांना कळावं म्हणून वर दोरीला बांधलेला बोया तरंगत ठेवतात. एकदा पाण्यातून वर आलो तेव्हा चार-पाच वावांवर एक होडी उभी होती आणि तिच्यातल्या काकांच्या हातात माझ्याच बोयाची दोरी होती. "माका वाटला, कोणाच्या जाळ्याचो बोयो सुटान इलो," ते म्हणाले. माझा बोया म्हणजे तेव्हा गोडेतेलाचा पाच लिटरचा पांढरा कॅन. चूक त्यांची नव्हती. आपल्या किनाऱ्यावर पांढरा कॅन किंवा थर्माकोलचा तुकडा तरंगताना दिसला की त्याचा अर्थ एकच, खाली जाळं आहे. होडीवाला पंख्यात दोरी अडकू नये म्हणून वळसा घालतो, नाहीतर सुटलेला समजून उचलतो. त्याच्याखाली माणूस असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

त्या दिवसापासून बोया निवडताना मी आधी एवढंच बघतो, की लांबून तो माणसाचा वाटतो का. मग दमल्यावर मला धरून ठेवेल का, आणि आपल्या खडपांवर टिकेल का. मारलेला मासा कुठे अडकवायचा हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी निघतो. माझ्या यादीत तो शेवटी येतो.

कॅनपासूनच सुरू करतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. पाच लिटरचा कॅन जेमतेम पाच किलो वजन तोलतो, म्हणजे तुमचं डोकं पाण्याबाहेर राहील इतपत. पण तो गोल, निसरडा आणि हातातून फिरणारा असतो. पायात पेटका आला की त्याला मिठी मारता येत नाही. भगवा रंग देऊन, आडवी दोरी बांधून छातीएवढ्या पाण्यात सराव करायला ठीक, त्यापुढे नको. थर्माकोल तर नकोच. पेट्रोल लागलं की तो विरघळतो, खडपावर घासला की त्याचे दाणे सुटतात, आणि ते दाणे पुढे वर्षानुवर्षं वाळूत सापडत राहतात.

ट्रकची ट्यूब तोलायला उत्तम. दोघे जण तिच्यावर ओणवे पडून श्वास घेऊ शकतात. अडचण रंगाची. दुपारच्या चकाकत्या पाण्यात काळं कडं होडीवरून दिसतच नाही, आणि पोहताना ती मागे इतकी ओढते की अर्धा दम तिथेच जातो. दोन मित्र एकाच जागी दगडाच्या नांगरावर ती सोडून आळीपाळीने बुड्या मारणार असतील, ट्यूबला भगवं कापड गुंडाळलेलं असेल आणि वर काठीला निशाण असेल, तर मी हरकत घेणार नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. एक हवा भरायचा टॉर्पेडो बोया, म्हणजे लांबट नळकांड्यासारखा, आणि दुसरा त्याच आकाराचा, आत घट्ट फोम असलेला.

हवेच्या बोयाची बाजू आधी मांडतो. घडी केली की तो पाठीवरच्या पिशवीत मावतो. मुंबई-पुण्याहून एसटीने किंवा कोकण रेल्वेने येणाऱ्याला, दुचाकीवरून किनाऱ्यावर जाणाऱ्याला हे फार सोयीचं. बारा लिटर हवा म्हणजे साधारण बारा किलोचा आधार, त्यामुळे तोलण्यात तो कमी पडत नाही. पण त्याच्या खोडी पाण्यात उतरल्यावर कळतात. उन्हात वाळूवर टम्म भरलेला बोया पाण्यात गार झाला की आतली हवा आकसते, तो मऊ पडतो आणि निशाण आडवं होतं. भरून उन्हात ठेवून दिला तर शिवणीवर ताण येतो तो वेगळाच. आणि आपली खडपं म्हणजे कालवांच्या धारा. पाय कापतात तिथे प्लास्टिकचं काय! हवेचाच घ्यायचा असेल तर जाड कापडी खोळ असलेला घ्या, पाण्यात बुडवून पुन्हा दोन फुंका मारा, आणि खडपावरून उतरताना तो ओढू नका, उचलून न्या.

फोमचा बोया जागा खातो, महाग पडतो, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पसरतो. पण त्याला भोक पडत नाही. टवका उडाला तरी तो तरंगतो. खडपावरून उतरायचं असेल, आणि आपल्याकडे शिकणारा बहुधा तिथूनच उतरतो, तर माझं मत फोमच्या बाजूने. घेताना तळाशी वजन आहे का ते बघा. तळ हलका असला की वाऱ्याने बोया कलंडतो आणि निशाण पाण्यात लोळतं. सकाळी मतलई वारा बोया समुद्राकडे ढकलतो, दुपारनंतर खारे वारे सुटून पाणी चोपायला लागतात. दोन्ही वेळी निशाण उभं राहिलं पाहिजे. दोन्ही बाजूंना धरायला पट्टे हवेत, कारण बेशुद्ध जोडीदाराचे हात त्याच्यावर टाकायची वेळ येऊ शकते. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची शुद्ध वर येताना हरपू शकते, आणि तेव्हा बोया एकटा काही करत नाही. वर थांबलेला जोडीदार हवाच.

फळीसारखे मोठे बोयेही मिळतात. त्यांच्यावर पाणी, चाकू, मासे, सगळं राहतं. लाटेत ते नवख्याच्या अंगावर येतात. शिकून झाल्यावर बघा.

निशाण लाल आणि त्यावर तिरका पांढरा पट्टा, किंवा पांढरं-निळं. पाणबुड्यांची खूण म्हणून दोन्ही वापरतात. मी लाल घेतो, कारण अर्थ माहीत नसलेल्या होडीवाल्याचीही नजर लालवर थांबते. शिवाय उतरण्याआधी जेटीवर सांगतो, "काका, त्या खडपाकडे आहे, लाल निशाण." निशाणाइतकाच या एका वाक्याचा उपयोग होतो.

दोरीकडे लोक दुर्लक्ष करतात. नायलॉनची दोरी बुडते आणि खडपात, तिथे अडकलेल्या जुन्या जाळ्यात गुंतते. पॉलिप्रॉपिलीनची तरंगते, तीच घ्या. पाच-सहा मीटर खोलीला बारा ते पंधरा मीटर पुरते. तीस मीटरची घेतलीत तर उरलेली सगळी पाण्यावर पसरते आणि जाणाऱ्या पंख्याला आमंत्रण देते. दुसरं टोक भाला सोडणाऱ्या बंदुकीला बांधा, म्हणजे संकटात बंदूक सोडली की तुम्ही मोकळे. मनगटाला कधीही नाही. मासे बोयाखाली अडकवा, कमरेला नको.

जागेबद्दल एक गोष्ट बोयाआधी ठरवा. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं, आणि सिंधुदुर्ग किल्ला-पद्मगडाभोवतीच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे. तिथे भाला घेऊन उतरू नका. पावसाळ्यात तर कुठेच नको, गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळू लागतं, तोवर बोया विहिरीत नाहीतर खाडीच्या शांत पाण्यात वापरून बघता येतो.

गाडी असेल आणि खडपावरून उतरणार असाल तर फोमचा. एसटीने येऊन होडीतून उतरणार असाल तर खोळवाला हवेचा. पैसे जमेपर्यंत मित्रासोबत भगवी ट्यूब. भाच्याला यंदा मी फोमचा घेऊन दिला आणि पट्ट्याला छोटा चाकू बांधला, जुन्या जाळ्यासाठी. पांढरा कॅन आता परसात अळूला पाणी घालायला आहे.