सौर झटका मशीन: कुंपण कसं चाललंय ते सकाळी कळतं

ताडोबाच्या आसपासच्या गावांत धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) तारेत थेट घरचा करंट सोडायची वाईट सवय होती. डुक्कर मेलं की पीक वाचलं, एवढाच हिशेब. त्याच तारेला वाघ मेले, माणसंही मेली. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटके सोडणारं सौर यंत्र, घेणारा शेतकरी जनावराला मारत नाही, माघारी पाठवतो. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

२३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात, तार सुटत नाही. मशीनचा झटका पाच ते दहा हजार व्होल्टचा असला तरी क्षणाच्या अंशभरच टिकतो आणि साधारण सेकंदाला एकदा येतो. मधल्या वेळात जनावर मागे सरतं. म्हणूनच ही तार मेन लाइनला कधीही जोडू नका. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवा.

रानडुकरासाठी खालची तार जमिनीपासून ८ ते १० इंचांवर हवी. त्याहून वर गेली तर ते खालून घुसतं. रोह्यासाठी (नीलगायीसाठी) वरची तार पाच फुटांच्या आसपास ठेवा.

तक्रारी बहुतेक मशीनच्या येतात, दोष मात्र अर्थिंगचा असतो. एक सळई पुरत नाही. तीन सळया, दहा-दहा फुटांवर, खोल ठोका. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सळई सैल होते आणि झटका मिळमिळीत होतो. तिथे पाणी ओता. पावसाळ्यात उलटं: गवत तारेला टेकतं, करंट जमिनीत उतरतो. पंधरवड्याला खालची पट्टी साफ करावीच लागते. मशीनसोबत टेस्टर मिळत नसेल तर वेगळा घ्या. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला चार हजार व्होल्टच्या खाली आकडा आला, तर डुकराच्या राठ केसांतून झटका जाणवत नाही.

माकडांपुढे हे यंत्र कमी पडतं. ती झाडावरून उतरतात.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. गाव त्यात बसतं का, ते आधी वनरक्षकाला विचारा.

उजाडताच, दव असताना, धुऱ्यावरून एक फेरी मारा. ओल्या मातीत पाऊलखुणा तारेपर्यंत येऊन वळलेल्या दिसल्या तर कुंपण चोख आहे. वळलेल्या खुणा बहुधा नाल्याकडे जातात. तो नाला कुंपणात घेऊ नका. पाण्याची वाट बंद झाली की जनावर तार तोडूनच जातं.