टॅक्रोलिमस : किडनी प्रत्यारोपणानंतरचा माझा अनुभव

किडनी बदलली तेव्हापासून, शरीराने ती नाकारू नये म्हणून, बारा-बारा तासांनी टॅक्रोलिमस चालू आहे. मालवणात आमच्या ओळखीत हे औषध घेणारं दुसरं कुणी नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ते करतं काय ते सांगते, कारण डॉक्टरांकडे एवढं बोलायला वेळ नसतो. परकी किडनी दिसली की आपल्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी, खवळतात. एरवी त्यांच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी नगण्य असतं, बाहेरच्या साधारण दहा हजारावा हिस्सा. चिथावणी मिळाली की आधी पेशीतला साठा सुटतो. साठा संपत आल्याचं स्टिम-१ हे प्रथिन ओळखतं आणि पेशीच्या आवरणातली ओराय-१ ही कॅल्शियमची वाट उघडून देतं. बाहेरचं कॅल्शियम आत घुसलं की कॅल्सिन्यूरिन हे विकर कामाला लागतं, एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, एनफॅट केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-२ हा पेशींना वाढायला सांगणारा निरोप बनू लागतो. मग पेशींची फौजच उभी राहते.

टॅक्रोलिमस कॅल्शियमची वाट अडवत नाही. एफकेबीपी-१२ या प्रथिनाला बिलगून ते कॅल्सिन्यूरिनला जखडतं. पेशी जिवंतच असते. रक्तातलं औषध उतरलं, की कॅल्सिन्यूरिन पुन्हा मोकळं! हे कळल्यापासून आंगणेवाडीची जत्रा असो की घरचं लग्न, माझे आठ म्हणजे आठ.

त्रासाचं मूळही तिथेच. कॅल्सिन्यूरिन मेंदूत, स्वादुपिंडात, खुद्द किडनीतही असतं. माझी साखर वाढली. हात तर इतके थरथरायचे की अबोलीचा वळेसार करताना देठ दोऱ्याच्या फासात बसेना. रक्तातल्या औषधाची लेव्हल बघून डॉक्टरांनी डोस कमी केला, तेव्हा बोटं स्थिरावली. लेव्हलचं रक्त सकाळची कॅप्सूल घेण्याआधीच द्यायचं. आमच्याकडून नमुना मुंबईला जातो, रिपोर्टची वाट बघण्यात जीव टांगणीला लागतो.

चतुर्थीला गणपतीवरच्या फळांच्या माटवीला बांधलेलं तोरिंजण, म्हणजे पपनस, मी आता खात नाही. पपनसाने या औषधाची लेव्हल चढू शकते. पोटॅशियम वाढतं म्हणून शहाळंही डॉक्टरांना विचारूनच.

काकी विचारतात, मग हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी कशी चालते? चालते, काकी. रक्तातलं कॅल्शियम शरीर मापात ठेवतं. टी-पेशी खवळते ती परक्या पेशी दिसल्यामुळे, गोळीमुळे नाही. माझी गोळी स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आहे.

आणि दुकानात नेहमीची कंपनी नसेल तर दुसरी परस्पर घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा. कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा तपासावी लागते.