सोलापूरची मानसशास्त्र परिषद: वक्ते दमदार, वेळापत्रक कच्चं

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात भरणाऱ्या दोन दिवसांच्या राष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेचं माहितीपत्रक निघालं आहे. नावनोंदणी करावी का? करावी, आणि ती मुख्यतः पहिल्या दिवसाच्या दुपारसाठी. बाकीचं बरंचसं नेहमीचंच आहे.

निमंत्रित वक्ते पाच. त्यांतलं सर्वात कामाचं सत्र पहिल्या दुपारचं, मानसशास्त्रीय चाचण्यांच्या भाषांतराचं आणि प्रमाणीकरणाचं, म्हणजे भाषांतरित चाचणी इथल्या लोकांवर पडताळून पाहण्याचं. त्याला लागूनच यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मानसिक आरोग्यावरचं सत्र ठेवलंय, ही जोडणी ज्याने केली त्याला विषय कळतो. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. त्यांच्यापुढे इंग्रजी प्रश्नावलीचं पुस्तकी मराठी भाषांतर ठेवून ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाचबिंदू मापनश्रेणीवर खुणा करायला लावायच्या आणि त्यावर निष्कर्ष काढायचा, असे शोधनिबंध दर परिषदेत निघतात.

रीत ठरलेली आहे: मूळ चाचणीकाराची लेखी परवानगी, दोघांची स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची नजर, मग थोड्या लोकांना प्रत्येक विधान वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारणं. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या भाषांतर आणि रूपांतराविषयीच्या मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती 2017 ची आहे; सत्राआधी चाळून जा. गाडी हमखास अडते ती नकारार्थी विधानांवर. ‘मी निरुपयोगी आहे असं मला वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं की ‘सहमत’, इथे शिकलेला माणूसही गोंधळतो. त्यात अशा विधानांचे गुण उलटे करायचे राहिले की क्रॉनबाख अल्फा, म्हणजे चाचणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, घसरतो आणि दोष चाचणीवर जातो.

चिकित्सा मानसशास्त्राचं व्याख्यान समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना उपयोगी. मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्यांना नूतनीकरणासाठी जे गुण लागतात, ते कार्यक्रमाला त्या संस्थेची आधी मान्यता असेल तरच मिळतात. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. त्यासाठी येणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा. क्रीडा मानसशास्त्राचं सत्र ठीक. परदेशातून झूमवर होणारं पाचवं भाषण शेवटच्या दुपारी ठेवलंय. सभागृहातला आवाज परत माइकमध्ये शिरून घुमतो, प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. ते सकाळी पहिलं हवं होतं.

वेळापत्रकाचा खरा घोळ उद्घाटनात आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगतं आणि स्मरणिकेचं प्रकाशन एवढं सगळं एका तासात छापलंय. हे दीड तासाच्या आत आटोपत नाही. उशीर बीजभाषणातून कापला जातो, मग चहातून, आणि शेवटी शोधनिबंधांच्या दहा मिनिटांची पाच होतात. म्हणून आठच स्लाइड ठेवा, आणि त्यातही पद्धत व निष्कर्ष या चारच दाखवल्या तरी निभेल अशी मांडणी करा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहून पीडीएफ सोबत ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांचं कडबोळं होतं.

सारांश 250 शब्दांत मागितला आहे. ‘मुलगे 50, मुली 50, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना)’ या साच्याला परीक्षक कंटाळले आहेत, आणि कारण नुसतं कंटाळ्याचं नाही. प्रत्येक गटात 50 जण असताना, 0.05 सार्थकता पातळीवर, मध्यम परिणाम (कोहेनचा डी, म्हणजे प्रमाण विचलनाच्या पटीत मोजलेला गटांमधला फरक, 0.5) सापडण्याची 80 टक्के शक्यताही हाती नसते, त्यासाठी गटागणिक 64 लागतात. डी 0.2 इतका लहान फरक शोधायचा तर जवळपास 394. तेव्हा ‘फरक आढळला नाही’ म्हणजे फरक नाहीच, असं लिहू नका. सरासरी, प्रमाण विचलन आणि परिणामाचा आकार द्या. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरने p-मूल्य म्हणून दाखवलेलं .000 तसंच उतरवू नका, ते p < .001 असं लिहायचं.

प्राध्यापकांसाठी हिशेब असा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत राष्ट्रीय परिषदेतल्या सादरीकरणाला निवड-बढतीत धरले जाणारे 3 संशोधन गुण आहेत. तोच निबंध परिषदेच्या ग्रंथातही आला तरी गुण एकदाच. शिवाय धोरण दस्तऐवज आणि व्याख्यानं-सादरीकरणं यांचे मिळून गुण एकूण संशोधन गुणांच्या 30 टक्क्यांपुढे धरले जात नाहीत. हे पाहता परिषदेच्या आयएसबीएन (पुस्तक क्रमांक) असलेल्या ग्रंथात छापण्यासाठी मागितलेलं वेगळं शुल्क भरण्यात अर्थ नाही. नियतकालिकाकडे पाठवायचा असेल तर पूर्ण निबंध इथे देऊच नका, सारांशावर थांबा; आधी छापलेला मजकूर पुढे साम्यतपासणीत अडकतो.

भित्तिपत्रक तीन बाय चार फूट, उभं. सोलापूरच्या नवी पेठेत असो की आणखी कुठे, दुकानदार सवयीने चकचकीत फ्लेक्सच काढून देतो. त्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की आलेख वाचता येत नाहीत. मॅट कागद मागा.

येण्याजाण्याचं: मुंबईकरांना रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, सकाळी सोलापुरात उतरवते. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम धरावाच लागतो, आणि निवास नोंदणी शुल्कात धरलेला नाही. परतीची हुतात्मा सोलापूरहून सकाळीच सुटते, तेव्हा दुसऱ्या दिवशी झूमच्या भाषणापर्यंत थांबायचं असेल तर रात्रीच्या गाडीचं तिकीट आत्ताच काढा.